बेवारस विंचेस्टर आणि नंबर एकची विंचेस्टर

जुनीवही (धागालेखक)

नेवाडा राज्याच्या पूर्व टोकाला, यूटाच्या हद्दीलगत ग्रेट बेसिन नॅशनल पार्क आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये पार्कचे पुरातत्त्ववाले तिथल्या डोंगरात पाहणी करत हिंडत होते. एका जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली रायफल त्यांना दिसली. सहज दिसण्यासारखी नव्हतीच ती. लाकूड ऊन-बर्फ खाऊन करडं पडलेलं, अगदी झाडाच्या सालीच्या रंगाचं. नळी गंजून तपकिरी. दस्त्याचं टोक चार-पाच इंच माती आणि पाचोळ्यात रुतलेलं. कुणीतरी ती टेकवून ठेवली आणि घ्यायला परत आलाच नाही.

ती निघाली विंचेस्टर मॉडेल १८७३. लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, आणि घोडाही चढलेला. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक भरलेली. १९१६ पर्यंत कंपनीने या मॉडेलच्या ७ लाख २० हजार ६१० रायफली केल्या. तेव्हा मॉडेल म्हणून ती दुर्मीळ मुळीच नाही. दुर्मीळ आहे ते तिचं अशा अवस्थेत, अशा जागी सापडणं.

तिच्या नंबरावरून वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विचारणा झाली, कारण विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या हातानं लिहिलेल्या नोंदवह्या तिथे आहेत. उत्तर आलं: १८८२ साली तयार, त्याच साली कारखान्यातून रवाना. कुणाकडे, ते नाही. त्या एका वर्षात याच मॉडेलच्या २५ हजारांच्या आसपास रायफली निघाल्या होत्या, आणि १८७३ साली ५० डॉलर असलेली किंमत तोवर २५ डॉलरवर आली होती. म्हणजे गुराखी, खाणीवरचा माणूस, शिकारी, कुणालाही परवडणारी वस्तू. १८८२ ते २०१४ या काळातल्या मालकांबद्दल नोंदवही गप्प.

आता दुसरी. विंचेस्टर मॉडेल १८८६, अनुक्रमांक १. हिचा पहिला मालक कोण, त्याला ती कुणी दिली, कशाबद्दल दिली, सगळं ठाऊक आहे. सप्टेंबर १८८६ मध्ये अपाची या मूळ अमेरिकन जमातीचा नेता जेरोनिमो अमेरिकन सैन्याच्या स्वाधीन झाला. त्याच्या मागावर असलेल्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन हेन्री लॉटन. लॉटनचा टेक्सासच्या दिवसांपासूनचा दोस्त लेफ्टनंट जॉर्ज आल्बी तेव्हा विंचेस्टर कंपनीत नव्या बंदुका तपासण्याच्या कामावर होता. त्याने नव्या मॉडेलची पहिल्या नंबराची रायफल मित्राला भेट दिली, वर दोघांची नावं कोरून. ३० एप्रिल २०१६ ला रॉक आयलंड या लिलाव कंपनीच्या लिलावात ती १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने आठ कोटी रुपयांच्या वर. लिलावात एकट्या बंदुकीला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत समजली गेली.

दोन्ही एकाच कारखान्याच्या आणि वयात चारच वर्षांचं अंतर. लोखंड म्हणून फार फरक नाही. माझं म्हणणं असं की जुन्या बंदुकीत पैसा लोखंडाला मिळत नाही, मालकांच्या यादीला मिळतो. आणि ती यादी कुणाची टिकते, हा प्रश्न मला जास्त सतावतो. या विषयातले जाणकार इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढला.

मिरचीवडा

भारी धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण माणूस रायफल टेकवून गेला कुठे? अस्वलाने नेला का?

खटकेबहाद्दर

शेवटी आपल्या विषयावर धागा आला! जुनीवही, तुम्ही तपासणीचा भाग गाळलात, तो मी सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

जुनं हत्यार सापडलं की पहिला प्रश्न एकच: भरलेलं आहे का? गंजलेली कडी ओढून बघायची नसते. म्हणून कोडीला नेल्यावर तिचा तिथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला. पेशंटचं नाव लावलं होतं ‘रायफल’. नळी रिकामी, खालची काडतुसांची नळीही रिकामी. पण दस्त्याच्या मागच्या टोकाला पत्र्याच्या झाकणाखाली एक पोकळी असते, साफसफाईच्या सळईचे तुकडे ठेवायला. तिथे सळई नव्हती, एक काडतूस होतं. .४४-४० चं, युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचं, १८८७ ते १९११ या काळात बनत होतं त्या प्रकारचं.

यावरून लगेच एक गोष्ट ठरते. १८८७ च्या आधी ती त्या झाडाशी ठेवलेली असणं शक्य नाही. पाच वर्षं कापली गेली.

.४४-४० बद्दल थोडं. हे विंचेस्टरने याच रायफलीसाठी काढलेलं काडतूस. कोल्ट कंपनीने नंतर आपलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचं बनवलं. मग कमरेच्या पट्ट्यात एकाच जातीची काडतुसं ठेवा, दोन्ही हत्यारांना चालतात. गावोगावच्या दुकानात ती मिळायची. या रायफलीच्या खपाचं अर्धं श्रेय मी या सोयीला देईन.

आणि एक. १८७३ आणि १८८६ मध्ये लोखंडाचा फरक नाही, हे पटलं नाही. फरक मोठा आहे. १८७३ च्या आत गुडघ्यासारखी दुमडणारी सांध्याची जोडणी असते. विंचेस्टरच्या आधीच्या हेन्री नावाच्या रायफलीपासून आलेली, सुरेख चालते, पण ताकद बेताची. मोठं काडतूस तिला सोसत नाही. १८८६ च्या रचनेमागचं डोकं जॉन ब्राउनिंग या बंदुका घडवणाऱ्याचं. त्याने पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या आणल्या. कडी मिटली की त्या वर सरकून बोल्टला दोन्ही बाजूंनी पाचर मारतात. त्यामुळे सैन्याचं .४५-७० सारखं दणकट काडतूस लिव्हरच्या रायफलीत निर्धास्त वापरता यायला लागलं. कंपनीच्या टी. जी. बेनेटने १८८३ मध्ये यूटातल्या ऑग्डेनला जाऊन ब्राउनिंगला गाठलं. आधी त्याच्या एका गोळीच्या रायफलीचे हक्क ८ हजार डॉलरला घेतले आणि मग ही. ऑग्डेनसारख्या गावातल्या पोराकडे न्यू हेवनचा, म्हणजे विंचेस्टरच्या कारखान्याचा साहेब स्वतः जातो, यावरून कंपनीला गरज किती होती ते कळतं.

घाटवाट

खटकेबहाद्दर, माहिती मस्त. पण काडतुसावरून निघतं ते एवढंच की १८८७ च्या आधी नाही. नंतर कधी, ते कळत नाही. अशी रायफल बाप-मुलगा-नातू अशी तीन पिढ्या चालते. कुणी १९३० मध्येही ती टेकवली असेल. दस्त्यातलं काडतूस तोवर विसरलेलं पडून असेल.

वर्तमानपत्रात ‘१३२ वर्षं झाडाशी उभी’ असे मथळे आले होते, ते मला म्हणूनच खटकले. १८८२ हे तिचं जन्मवर्ष. झाडाशी येऊन उभी राहिल्याचं वर्ष ते नव्हे.

जुनीवही (धागालेखक)

@घाटवाट, बरोबर. पार्कवाल्यांनीही तशी खात्री कुठे दिलेली नाही.

@मिरचीवडा, पार्कने जुनी स्थानिक वर्तमानपत्रं आणि कुटुंबांच्या आठवणी धुंडाळल्या. त्या भागात खाणीवाले होते, गुरं पाळणारे होते, शिकारी होते. एकाचंही नाव जोडता आलं नाही. रायफल आता पार्कमध्येच लोकांना बघायला ठेवतात. तिला घासूनपुसून चकचकीत केलेलं नाही. लाकडाच्या भेगा आणखी उकलू नयेत इतकाच उपचार केला. गंज तसाच, करडं लाकूड तसंच.

खटकेबहाद्दर

आणि ते उत्तम केलं. जुन्या बंदुकीला पॉलिश मारणाऱ्यांचे हात बांधून ठेवावेत अशा मताचा मी आहे.

सिएटलकर

लॉटनचं नाव वाचून चमकलो. आमच्या सिएटलमध्ये डिस्कव्हरी पार्क म्हणून समुद्राकाठी मोठं पार्क आहे. तिथे पूर्वी लष्कराचा तळ होता, फोर्ट लॉटन. तो याच लॉटनच्या नावाचा. वीकेंडला तिथे मराठी मंडळी डबे घेऊन जातात, कुणाला काही कल्पना नसते.

त्याचं पुढे काय झालं ते धाग्यात यायलाच हवं. तो जनरल झाला, १८९८ मध्ये क्यूबात लढला आणि मग फिलिपिन्सला गेला. डिसेंबर १८९९ मध्ये मनिलाजवळ सान मातेओला फिलिपिनो नेमबाजाच्या गोळीने मेला. त्या युद्धात मारला गेलेला सर्वांत वरच्या हुद्द्याचा अमेरिकन अधिकारी तोच. आणि समोरच्या फिलिपिनो सैन्याचा सेनापती कोण होता? लिसेरिओ जेरोनिमो. आडनावच जेरोनिमो!

कुणी कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

मनिलात मधल्या चौकालाही त्याचं नाव होतं, प्लाझा लॉटन. १९६३ मध्ये ते बदलून बोनिफासिओचं नाव दिलं. ओक्लाहोमात लॉटन नावाचं शहर आहे, १९०१ मध्ये वसवलेलं. ते आहे फोर्ट सिलला खेटून, आणि जेरोनिमो १९०९ मध्ये कैदी म्हणून मेला तो फोर्ट सिललाच. थडगंही तिथलंच. पकडायला गेलेल्याच्या नावाच्या शहराशेजारी ज्याला पकडलं तो पुरलेला.

मिरचीवडा

बाप रे. अस्वलापेक्षा हे भारी.

शेवंता

‘पकडायला गेलेला’ इथे मला थांबवायचं आहे. लॉटनने जेरोनिमोला पकडलं नाही. मे १८८६ पासून त्याची तुकडी मेक्सिकोतल्या सोनोराच्या डोंगरात वणवण फिरत होती. वर जनरल माइल्सच्या हाताखाली ५ हजार सैनिक, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन सैन्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि समोर? बायकापोरं धरून चाळीसच्या आतबाहेर माणसं. ती शेवटपर्यंत हाती लागली नाहीत.

बोलणी केली लेफ्टनंट चार्ल्स गेटवुडने. पण गेटवुडच्याही आधी जेरोनिमोच्या तळावर चढून गेले ते मार्टीन आणि कायिता, दोघंही चिरिकाहुआ अपाची, सैन्यासाठी वाटाड्याचं काम करणारे. जीव धोक्यात त्यांनी घातला. मग शरणागती झाली आणि चिरिकाहुआंना आगगाडीत घालून फ्लोरिडाला नेलं. सैन्याची चाकरी केलेल्या वाटाड्यांनाही त्यात कोंबलं. मार्टीन आणि कायितालासुद्धा. सगळ्या जमातीवर युद्धकैदी हा शिक्का २७ वर्षं राहिला, १९१३ पर्यंत. गेटवुड १८९६ मध्ये मेला तेव्हाही लेफ्टनंटच होता.

आणि रायफल कुणाला? लॉटनला. १३० वर्षांनी त्या रायफलीचे आठ कोटी.

म्हणून हिला ‘जेरोनिमो रायफल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जेरोनिमोने या रायफलीला हात लावला नाही, ती त्याच्यावर रोखली गेली नाही, त्याला ती दिसली असेल असंही नाही. ती लॉटनला मिळाली तेव्हा तो कैदेत गेलेलाही होता.

बोरकूट

शेवंताताई, राग समजला. पण बाजाराला त्याचं काय? मोठं नाव चिकटलं की भाव वाढतो, नाव कसं चिकटलं हे गिऱ्हाईक विचारत नाही.

अवांतर: आठ कोटी वाचून आमच्या गावची आठवण आली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरटी नाही तरी वाडीत एक तरी बारा बोअरची असतेच. वानर आणि डुक्कर हाकलायला. खंडेनवमीला हळदकुंकू, फूल, आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा. आमच्या चुलत घराकडे त्याही आधीची एक ठासणीची आहे, माळ्यावर. पणजोबांची म्हणतात. ती विकून काही येईल का हो? :)

खटकेबहाद्दर

@बोरकूट, ‘गिऱ्हाईक विचारत नाही’ हे चूक. या बाजारातलं गिऱ्हाईक फार चौकस असतं, कारण खोट्या मालाचा सुळसुळाट आहे. खऱ्या जुन्या विंचेस्टरवर नवीन नाव कोरायला कितीसा वेळ लागतो? म्हणून भिंगाखाली बघतात. अक्षरांच्या कडा आजूबाजूच्या धातूइतक्याच झिजल्या आहेत का? नळी, दस्ता, खटके एकाच बंदुकीचे आहेत की चार ठिकाणचे जोडलेत? आणि सगळ्यांत आधी कोडीहून कारखान्याच्या नोंदीचं पत्र मागवतात. त्यात नळीची लांबी, चापाचा प्रकार, रवानगीची तारीख, ऑर्डरचा नंबर असं मिळतं. हातातली बंदूक आणि पत्र जुळलं नाही की सौदा मोडतो.

पण त्या पत्राची मर्यादाही आहे. कोल्ट कंपनीच्या नोंदींत माल कोणत्या व्यापाऱ्याला गेला हे बहुधा सापडतं. विंचेस्टरच्या वह्यांत साधारणपणे ऑर्डर नंबरावर गाडी थांबते. शिवाय सगळ्या मॉडेलांच्या वह्या उरलेल्या नाहीत. तेव्हा ग्रेट बेसिनच्या रायफलीचं कोरं उत्तर हे काही तिचं वेगळं दुर्दैव नाही. बहुतेक विंचेस्टरचं असंच येतं. लॉटनच्या रायफलीला नाव मिळालं ते आल्बीने धातूवर कोरून घेतलं म्हणून. कारखान्याच्या वहीची ती कृपा नव्हे.

खास माल हवा असेल तर ‘वन ऑफ वन थाउजंड’ बघा. १८७५ च्या कॅटलॉगमध्ये कंपनीने जाहीर केलं: चाचणीत ज्या नळ्यांचा नेम सर्वांत चोख लागेल त्या वेगळ्या काढून त्यांच्या रायफली तयार करू, नळीवर तसं कोरू, किंमत १०० डॉलर. मॉडेल १८७३ मध्ये अशा १४० च्या आतच निघाल्या. सात लाखांत १४०! त्यांना मालकाचं नाव असो नसो, भाव आहेच. जुनीवही, तुमचा सिद्धांत इथे थोडा लंगडतो.

जुनीवही (धागालेखक)

लंगडतो खरा. पण नळीवर कोरलेली अक्षरं हाही एक कागदच की. फक्त तो मालकाऐवजी कारखान्याने दिलेला.

अटकेपार

मालकीच्या भांडणाचा एक किस्सा. रायफलीचा नाही, रिव्हॉल्व्हरचा आहे, पण चालून जावा.

शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ ला बिली द किड या कुख्यात गुंडाला ज्या कोल्टने मारलं, ते कोल्ट त्याचं स्वतःचं नव्हतं. आधीच्या डिसेंबरात बिलीच्या टोळीतल्या बिली विल्सनला पकडलं तेव्हा त्याच्याकडून काढून घेतलेलं. म्हणजे बिलीच्याच साथीदाराच्या हत्याराने बिली मेला. गॅरेटने पुढे ते एल पासोतल्या एका दारूगुत्त्याच्या मालकाला मांडून ठेवायला दिलं. गॅरेट १९०८ मध्ये मारला गेला. गुत्तेवालाही मेला. आता कोल्ट कुणाचं? गुत्तेवाल्याचे वारस म्हणाले आमचं. गॅरेटची विधवा अपोलिनारिया कोर्टात गेली. म्हातारपणी, १९३० च्या दशकात, आणि जिंकली. दिलं होतं ते मांडायला, भेट म्हणून नव्हे, हे तिने सिद्ध केलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ते ६० लाख डॉलरच्या वर गेलं. लॉटनची रायफल कुठल्या कुठे मागे पडली. बाई कोर्टात लढली नसती तर साखळी तिथेच तुटली असती. त्या कोर्टाच्या निकालाचेही त्या ६० लाखांत चांगले पैसे असणार, असा माझा हिशेब.

शेवंता

हा किस्सा आवडला. निदान एका धाग्यात एक बाई जिंकली.

जुनीवही, तुम्ही विचारलंत की यादी कुणाची टिकते. मूळ अमेरिकनांच्या रायफली संग्रहालयांत आहेतच, पण त्यांची नोंद कुठून सुरू होते ते बघा. लाकोटा जमातीचा नेता सिटिंग बुल जुलै १८८१ मध्ये शरण यायला फोर्ट ब्यूफर्ड या लष्करी तळावर आला. आपली विंचेस्टर त्याने स्वतः दिली नाही. लहानग्या मुलाच्या, क्रो फूटच्या, हाती दिली आणि त्याने ती मेजर ब्रदरटनच्या स्वाधीन केली. आपल्या लोकांत रायफल सोडणारा मी शेवटचा, हे लक्षात राहावं असं तो म्हणाला. नेझ पर्स जमातीच्या चीफ जोसेफनेही ऑक्टोबर १८७७ मध्ये बेअर पॉ इथे शरण येताना रायफल दिली.

या रायफलींना तारीख आहे, जागा आहे, साक्षीदार आहेत. पण सगळं त्या दिवसापासून पुढे. त्याआधी ती कुणाकडून, काय देऊन घेतली, किती वर्षं वापरली, कुणाच्या हातून आली, त्याची वही कुणीच ठेवली नाही. मालकी गेली त्या क्षणी मालकाचं नाव लिहिलं गेलं. लॉटनचं उलट आहे. त्याचं नाव रायफल मिळाली त्या क्षणी कोरलं गेलं.

जुनीवही (धागालेखक)

हे माझ्या मनात होतं पण इतकं नेमकं मांडता आलं नसतं. दंडवत.

घाटवाट

शेवंता, +१. पण एका ठिकाणी वहीशिवायही काम झालं आहे. लिटल बिगहॉर्नचं रणांगण.

जून १८७६ मध्ये कस्टर या अमेरिकन सैन्याधिकाऱ्याची तुकडी तिथे लाकोटा आणि शायेन जमातींपुढे गारद झाली. सैनिकांकडे स्प्रिंगफील्डच्या एका वेळी एक गोळी भरायच्या कार्बाइन होत्या. लाकोटा आणि शायेन लोकांकडे किती आणि कसल्या बंदुका होत्या यावर शंभर वर्षं नुसते वाद. मग १९८३ मध्ये रणांगणावरचं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली, आणि १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन तिचा इंच न् इंच तपासला. काडतुसांच्या शेकडो टोप्या, म्हणजे झाडून उरलेली धातूची कवचं, सापडल्या. प्रत्येक बंदुकीची पिन टोपीच्या बुडावर आपला खास ठसा उमटवते, खुनाच्या तपासात वापरतात तीच युक्ती. ठसे जुळवत गेल्यावर वेगवेगळ्या हेन्री आणि विंचेस्टर मोजता आल्या. त्याहून कमाल म्हणजे एकच रायफल रणांगणावर कुठून झाडली गेली, मग कुठे सरकली, पुन्हा कुठे, हेही नकाशावर काढता आलं.

लोकांच्या घरांत ‘ही त्या लढाईतली’ म्हणून जपलेल्या बंदुका होत्या. त्यांतल्या काहींचे ठसेही ताडून बघितले. काही खरंच जुळल्या. म्हणजे नाव मिळालं नाही तरी त्या माणसाच्या हालचाली मिळाल्या. कोण होता ते नाही, कुठे उभा होता ते कळतं.

खटकेबहाद्दर

आणि ठसे उमटायला हेन्रीसारखी बंदूक नाही. तिची पिन दुतोंडी, काडतुसाच्या कडेवर दोन्हीकडून आपटते. दोन खुणा एकदम. तपासणाऱ्याची चैन.

सिएटलकर

हेन्रीचा विषय निघालाच आहे तर: लिंकनला दिलेली सोन्याचा मुलामा असलेली हेन्री, नंबर ६, वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. फोटोत दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त झगमगते. कंपनीने यादवी युद्धात सरकारी ऑर्डर मिळावी म्हणून बड्या लोकांना अशा वाटल्या होत्या. लाच नाही म्हणायची, नमुना म्हणायचं.

मिरचीवडा

हाहा. सरकारी ऑर्डरसाठी ‘नमुना’. जग कुठेही जा.

बोरकूट

सगळं वाचलं, ज्ञानात भर पडली, पण माझ्या ठासणीच्या बंदुकीचा प्रश्न कुणी मनावर घेतलाच नाही.

निवृत्तनाझर

बोरकूट, कचेरीत परवान्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून मी घेतो मनावर.

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार केंद्राच्या कायद्याने प्राचीन वस्तू समजतात, म्हणून वर चर्चेतल्या रायफली तिकडे खुर्ची-टेबलासारख्या विकल्या जातात. आपल्याकडे नुसतं वय चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, प्राचीन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही झाडता येऊ नये. तुमची ठासणीची नळी धड असेल तर ती सूट मिळेलच असं धरून चालू नका. ठासणीची असली तरी बंदूक ती बंदूकच. माळ्यावर बिनपरवाना आढळली तर ‘पणजोबांची आहे’ हे उत्तर पुरत नाही.

परवाना असलेला माणूस वारला की वारसाने अर्ज करायचा. बाकी वारसांची ना-हरकत जोडायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. वारशाने आलेलीही त्या दोनांतच मोजतात. आणि शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागतो. ती परदेशी लिलावात पाठवायचं मनातही आणू नका, खाजगी माणसाला निर्यात बंद आहे.

तेव्हा आठ कोटी विसरा, आणि तुमच्या त्या चुलत घरी आधी कागद शोधायला सांगा. जुने परवाने लोक देवघराच्या फडताळात नाहीतर ट्रंकेत ठेवत. त्यावर हत्याराचं वर्णन असतं आणि मागच्या पानांवर नूतनीकरणाचे शिक्के. पणजोबा, आजोबा, चुलते, कुणाच्या नावावर कधी होती ते शिक्क्यांवरून लागेल. मधे खंड दिसला तर स्वतः काही करायला न जाता तालुक्याच्या ठाण्यात जाऊन लेखी कळवा. स्वतःहून कळवणाऱ्याकडे बघण्याची नजर वेगळी असते.

बोरकूट

नाझरसाहेब, धन्यवाद. चुलत्यांना आत्ताच फोन केला. परवाना आहे म्हणाले, पण १९७४ नंतरचा शिक्का नाही.

निवृत्तनाझर

मग गणपतीत गावी जाल तेव्हा पहिलं काम हे करा. आणि तोवर त्या बंदुकीला कुणी तेलपाणी करून बार उडवून बघू नये, एवढं घरी बजावून ठेवा.